घरकोंडीतील ध्वनिमुद्रण : काएतानो व्हेलोझो यांचे दोन अल्बम

ब्राझीलचे ज्येष्ठ गायक-रचनाकार काएतानो व्हेलोझो यांचा ‘मेउ कोको’ हा अल्बम ऑक्टोबर २०२१मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी वयाची ७९ वर्षे पूर्ण केली होती. महासाथीच्या काळात रिओ दि जानेरो येथील राहत्या घरातल्या स्टुडिओत, लुकास नुनेस या तरुण संगीतकाराच्या साथीने तो आकाराला आला. हे काम म्हणजे नाइलाजाने पत्करलेली तडजोड असे वाटण्याचा संभव आहे. परंतु केवळ आवाज आणि गिटार यांवर गाणे उभे करण्याची रीत ब्राझीलमध्ये जुनी असून तिची जडणघडण बव्हंशी घराच्या चार भिंतींतच झाली.

१९५०च्या दशकाच्या मध्यास गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो हे दियामान्तिना गावी बहिणीच्या घरी राहत असताना न्हाणीघरात बसून तासन्‌तास सराव करीत, कारण तेथील भिंतींवरून परतणाऱ्या नादामुळे आवाज न चढवताही स्वर स्पष्ट ऐकू येई. याच गायकीतून १९५८मध्ये ‘बोसा नोव्हा’, म्हणजे सांबाचा ठेका गिटारवर आटोपशीर बांधून त्यावर संथपणे गाण्याची शैली, ध्वनिमुद्रिकेवर अवतरली आणि तरुण व्हेलोझो यांची वाट तिने ठरवली.

लष्करी राजवटीने १३ डिसेंबर १९६८ रोजी नागरी हक्क गोठवणारा ‘पाचवा संस्थात्मक अधिनियम’ लागू केल्यानंतर दोनच आठवड्यांत व्हेलोझो व त्यांचे सहकारी जिल्बेर्तो जिल यांना अटक झाली, आणि १९६९च्या फेब्रुवारीत सुटका झाल्यावरही साल्व्हादोर शहर सोडण्यास त्यांना मनाई होती. म्हणून व्हेलोझो यांच्या त्या वर्षीच्या अल्बमसाठी त्यांचा आवाज आणि जिल यांची गिटार तेथेच मुद्रित करण्यात आली, आणि वाद्यवृंदाचे संयोजक रोजेरियो दुप्रा यांनी त्या ध्वनिफितींवर नंतर साथ चढवली. गायक आधीच गाऊन मोकळा झालेला असल्याने वाद्यवृंदालाच त्याच्या लयीमागून जावे लागले.

‘मेउ कोको’मध्येही घरातल्या मूळ मुद्रणावर इतरांचे स्वर जोडले गेले, त्यांत पोर्तुगालच्या फादू-गायिका कार्मिन्यो यांचाही आवाज आहे; नातवासाठी रचलेले अंगाईगीतही याच संग्रहात आहे. साल्व्हादोरमधील बंदी राजसत्तेने लादलेली होती व तिच्यापाठोपाठ १९७२पर्यंतची लंडनमधील हद्दपारी आली, तर रिओतील बंदी रोगाने आणलेली होती, म्हणून दोहोंना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. तरीही एका गिटारीवर पूर्ण उभे राहू शकेल असे गाणे रचण्याची शिस्त या परंपरेने अंगी बाणवलेली होती, आणि त्या शिस्तीमुळेच दोन्ही वेळा दारे बंद झाली तरी काम अडले नाही.