हिवाळ्यातील विद्युत मोटारीचा पल्ला

हिवाळ्यातील विद्युत मोटारीचा पल्ला म्हणजे शीत हवामानात विद्युत मोटार एका चार्जिंगमध्ये प्रत्यक्ष कापू शकणारे अंतर होय. तापमान घटल्यावर हा पल्ला उन्हाळ्याच्या तुलनेत लक्षणीय प्रमाणात कमी होतो. मोठ्या बॅटरीच्या मोटारींमध्ये ही घट बहुधा गैरसोयीपुरती मर्यादित राहते. मात्र लहान बॅटरीच्या मोटारींमध्ये तिच्यामुळे प्रवासाचा मार्ग, थांबे आणि वेळ यांचे आगाऊ नियोजन आवश्यक ठरते. नॉर्वेसारख्या शीत देशात विद्युत मोटारींचा प्रसार मोठा असल्याने या विषयाचा अनुभव तेथे विशेषत्वाने साचला आहे.

पार्श्वभूमी

नॉर्वेमध्ये १९९० च्या दशकापासून विद्युत मोटारींना करसवलती देण्यात आल्या. २००१ पासून त्यांना मूल्यवर्धित करातूनही सूट मिळाली. २०२४ मध्ये त्या देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के मोटारी पूर्णतः विद्युत होत्या.

मर्यादित पल्ल्याच्या मोटारींचे परिचित उदाहरण म्हणजे निसान लीफची पहिली पिढी. डिसेंबर २०१० मध्ये बाजारात आलेल्या या मोटारीची बॅटरी २४ किलोवॅट-तास क्षमतेची होती. तत्कालीन युरोपीय चाचणीनुसार तिचा पल्ला १७५ कि.मी., तर अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मोजणीनुसार ११७ कि.मी. होता. चाचणीची पद्धत बदलताच पल्ल्याचा आकडा किती बदलतो, हे या फरकावरून दिसते.

पल्ला घटण्याची कारणे

बॅटरी : लिथियम-आयन बॅटरीतील विद्युत अपघटनी द्रव थंडीत दाट होतो व आयनांची हालचाल मंदावते. परिणामी बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि साठलेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतो. शून्य अंश सेल्सियसखालील तापमानात वेगाने चार्जिंग केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियमचा थर साचून बॅटरीची कायमची हानी होऊ शकते. त्यामुळे बॅटरीची नियंत्रण यंत्रणा चार्जिंगचा वेग आपोआप कमी करते. ब्रेक लावताना परत मिळणारी ऊर्जाही याच कारणाने घटते.

अंतर्भागाचे तापन : पेट्रोल वा डिझेल इंजिनात इंधनाच्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता म्हणून वाया जातो व त्याच उष्णतेवर मोटारीचा अंतर्भाग तापवता येतो. विद्युत मोटारीत अशी वाया जाणारी उष्णता अल्प असते. तापनासाठी बॅटरीतीलच ऊर्जा वापरावी लागते. साधा विद्युत तापक काही किलोवॅट वीज घेतो. उष्णता पंप बाहेरील हवेतील उष्णता आत आणत असल्याने तेवढ्याच तापनासाठी कमी वीज वापरतो. परंतु कडाक्याच्या थंडीत त्याची कार्यक्षमताही घटते.

हवा व रस्ता : थंड हवा अधिक घन असते. उणे २० अंश सेल्सियस तापमानात हवेची घनता २० अंशांच्या तुलनेत सुमारे १६ टक्के अधिक असते व हवेचा रोध त्याच प्रमाणात वाढतो. टायरमधील दाब दर १० अंशांच्या घटीमागे सुमारे ०.१ बारने उतरतो. ओला किंवा भुसभुशीत बर्फ चाकांचा रोध आणखी वाढवतो.

चाचण्या व मापन

युरोपातील सध्याच्या प्रमाणित चाचणीत विद्युत मोटारीचा पल्ला २३ अंश सेल्सियस तापमानात आणि तापन यंत्रणा बंद ठेवून मोजला जातो. हिवाळ्याच्या नियोजनासाठी हा आकडा थेट वापरता येत नाही. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच मोटारींवर केलेल्या चाचणीत सुमारे उणे ७ अंश तापमानाला, तापन यंत्रणा बंद असताना पल्ला सरासरी १२ टक्के, तर ती चालू असताना सरासरी ४१ टक्के घटल्याचे आढळले. नॉर्वेजियन मोटारचालक महासंघाने २०२० च्या हिवाळ्यात २० मोटारी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून पाहिल्या. त्यांत अधिकृत पल्ल्याच्या तुलनेत सरासरी १८.५ टक्के घट नोंदवली गेली. तापमान, प्रवासाची लांबी आणि तापनाचा वापर यांवर घटीचे प्रमाण अवलंबून असते.

अंतर आणि वेळ

चाक फिरवण्यासाठी लागणारी ऊर्जा प्रामुख्याने अंतरावर, तर तापनासाठी लागणारी ऊर्जा वेळेवर अवलंबून असते. उन्हाळ्यात वेग कमी केला असता पल्ला साधारणपणे वाढतो. हिवाळ्यात मात्र वाहतूक फार मंदावल्यास प्रति कि.मी. तापनखर्च वाढून हा लाभ नाहीसा होऊ शकतो. म्हणून हिवाळी प्रवासाचा हिशेब केवळ किलोमीटरमध्ये न करता तासांमध्येही करावा लागतो.

उदाहरणार्थ, नॉर्वेच्या ई-६ महामार्गावर डोम्बोस ते ऑप्दाल हे अंतर सुमारे ८० कि.मी. आहे. डोम्बोस समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटर उंचीवर असून वाटेत डोव्रेफेल पठारावर रस्ता १,०२६ मीटर उंची गाठतो. मोटारीत २१ किलोवॅट-तास वापरण्याजोगी ऊर्जा आहे, चालनासाठी चढ-उतार धरून सरासरी ०.१९ किलोवॅट-तास प्रति कि.मी. आणि तापनासाठी ३ किलोवॅट लागतात, असे गृहीत धरल्यास हिशेब पुढीलप्रमाणे होतो :

* ताशी ६० कि.मी. वेगाने : चालन १५.२ + तापन ४ = १९.२ किलोवॅट-तास. मोटार पोहोचते, परंतु जेमतेम १.८ किलोवॅट-तास उरतात.
* बर्फामुळे वेग ताशी ४० कि.मी. झाल्यास व चालनाचा खप तेवढाच राहिल्यास : चालन १५.२ + तापन ६ = २१.२ किलोवॅट-तास. मोटार पोहोचत नाही.
* ताशी ६० कि.मी. वेगाने, परंतु तापनाचा भार १.५ किलोवॅट राखल्यास : १५.२ + २ = १७.२ किलोवॅट-तास. ३.८ किलोवॅट-तास राखीव उरतात.

बॅटरी केवळ ८० टक्के भरलेली असल्यास उपलब्ध ऊर्जा १६.८ किलोवॅट-तासच असते व वरीलपैकी एकही प्रवास पूर्ण होत नाही. जुन्या मोटारीत बॅटरीची क्षमता घटलेली असल्याने हिशेब नव्या मोटारीच्या आकड्यांवर न करता प्रत्यक्ष उरलेल्या क्षमतेवर करावा लागतो.

नियोजनाच्या पद्धती

* पूर्वतापन : मोटार चार्जरला जोडलेली असतानाच अंतर्भाग तापवून घेतल्यास सुरुवातीच्या तापनाचा मोठा खर्च बॅटरीवर पडत नाही.
* चार्जिंगची वेळ : प्रवासाने उबदार झालेली बॅटरी अधिक वेगाने भरते. त्यामुळे मुक्कामी पोहोचताच चार्जिंग करणे, रात्रभर गारठलेली बॅटरी सकाळी भरण्यापेक्षा सोयीचे ठरते.
* स्थानिक ऊब : तापवलेली आसने व सुकाणूचक्र संपूर्ण अंतर्भाग तापवण्यापेक्षा फार कमी वीज वापरतात. मात्र काचेवरील बाष्प व हिम दूर करण्यासाठी उष्ण हवेची आवश्यकता राहतेच.
* पर्यायी थांबा : नियोजित चार्जर बंद किंवा व्यग्र असल्यास पुढील चार्जरपर्यंत जाण्याइतकी अथवा मागे फिरण्याइतकी ऊर्जा शिल्लक असणे आवश्यक असते. दोन्ही शक्य नसलेला टप्पा लहान बॅटरीच्या मोटारीसाठी जोखमीचा ठरतो.

सुरक्षितता

नॉर्वेतील पर्वतीय मार्गांवर हिमवादळात वाहनांना अडथळ्यापाशी थांबवून हिम हटवणाऱ्या वाहनामागून ताफ्याने सोडले जाते. हवामान फारच बिघडल्यास मार्ग बंद केला जातो. अशा वेळी उभ्या मोटारीतही तापनाचा खर्च चालू राहतो. अंतर्भाग एकदा तापल्यावर तो उबदार ठेवण्यास १ ते २ किलोवॅट लागतात असे धरल्यास १० किलोवॅट-तास ऊर्जा सुमारे ५ ते १० तास पुरते, तर २ किलोवॅट-तास ऊर्जा एक ते दोन तासांतच संपते. त्यामुळे राखीव ऊर्जा ही पल्ल्यातील चुकीची भरपाई असण्याबरोबरच प्रवाशांच्या उबेचाही साठा असते. गरम कपडे, पांघरुणे, अन्न व पाणी मोटारीत ठेवल्यास बॅटरीवरील हे अवलंबित्व कमी होते.