छावणीचा कायदा आणि अदृश्य परोपजीवी

सैन्याचा इतिहास लढायांच्या तारखांनीं लिहिला जातो. परंतु शांततेच्या काळांत शिपाई निकामी होतो तो रुग्णशय्येवर. 19 व्या शतकांत हिंदुस्थानांतील गोऱ्या पलटणींची स्थिति अशीच होती. पुणें, खडकी, अहमदनगर आणि कोल्हापुराशेजारचें बेळगांव येथें मोठ्या छावण्या वसल्या होत्या. सामान्य गोऱ्या शिपायास लग्नाची परवानगी क्वचितच मिळे. म्हणून पलटणीच्या बाजारांत वेश्यांची वस्ती सरकारच्याच नजरेखालीं चाले, आणि तिच्याबरोबर गुप्तरोगही चालत.

त्यावर उपाय म्हणून 1864 चा छावणी कायदा आला. पाठोपाठ 1868 च्या कायद्यानें हीच पद्धति शहरांपर्यंत नेली. वेश्यांचीं नांवें नोंदलीं जात, ठराविक दिवशीं त्यांची तपासणी होई, आणि रोगी ठरलेल्या स्त्रीस 'लॉक हॉस्पिटला'त अडकवून ठेवीत. पुरुषावर मात्र या कायद्यांनीं कोणतेंच बंधन घातलें नाहीं.

येथेंच या व्यवस्थेचें मर्म चुकलें. पॅरिस येथें आल्फ्रेड डोने यानें 1836 सालींच सूक्ष्मदर्शकाखालीं एक एकपेशीय परोपजीवी पाहिला होता. चाबकासारख्या तंतूंनीं हालणारा हा जीव म्हणजे ट्रायकोमोनस. स्त्रियांत तो दाह व स्राव उत्पन्न करतो. बहुतेक पुरुषांत मात्र त्याचें कांहींच चिन्ह दिसत नाहीं. धडधाकट दिसणारा शिपाई तो नकळत वाहून नेतो. पुढें कित्येक वर्षें वैद्यकानें त्यास निरुपद्रवी मानलें. परम्याचा जंतु तर नायसरला 1879 सालीं सांपडला. तोंवर डॉक्टरांचा भरंवसा मुख्यतः डोळ्यांवर होता. अशा वेळीं या परोपजीवीचा स्राव परम्याचा समजून एखाद्या निरपराध स्त्रीस कोंडलें जाणें सहज शक्य होतें. ज्यानें तिला तो दिला, तो शिपाई मोकळाच राही.

कायदा जारी असतांनाच 1880 नंतर रोगाचें प्रमाण वाढत गेलें. 1886 च्या एका लष्करी परिपत्रकांत पलटणींसाठीं पुरेशा व आकर्षक स्त्रिया ठेवण्याची सूचना होती. ती उघडकीस येतांच इंग्लंडांत गहजब झाला. जोसेफिन बटलरबाई व त्यांचे सहकारी तेथें या कायद्यांविरुद्ध आधींपासून झगडत होतेच. 5 जून 1888 रोजीं पार्लमेंटानें सक्तीच्या तपासणीविरुद्ध ठराव केला. पुढें 1895 सालीं दर हजार गोऱ्या शिपायांमागें रुग्णालयांतील दाखले पांचशेंच्या वर गेले. कायद्याच्या पुरस्कर्त्यांनीं त्याचें खापर ठरावावर फोडलें व 1897 मध्यें कांहीं बंधनें परत आणविलीं. परंतु त्याच छावण्यांतील देशी शिपायांत हें प्रमाण फारच कमी होतें. त्यांपैकीं पुष्कळ जण संसारी होते. पुढें 1902 ते 1909 या किचनेरच्या कारकीर्दींत गोऱ्यांतील आंकडाही झपाट्यानें उतरला. त्यास खेळ, करमणूक, मद्यपानास आळा आणि शिपायास दिलेली स्पष्ट समज यांचा हातभार लागला.

या परोपजीवीवरील मेट्रोनिडाझोल हें गुणकारी औषध 1959 च्या सुमारास पुढें आलें. 2020 सालीं जगांत त्याचे सुमारें 15 कोटी 60 लाख नवे रुग्ण झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यांत उपचाराचा पहिला नियम एकच: स्त्री आणि पुरुष या दोघांसही औषध एकाच वेळीं द्यावें, एकालाच दिलें तर रोग फिरून येतो. छावणीच्या कायद्यानें नेमकें एकालाच धरलें होतें, आणि त्याची शिक्षा निरुपायी स्त्रीनें भोगली.