लहान पावलांची वाट

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राजांच्या सनावळ्या उभ्या राहतात. आज ज्या मुलीची हकीकत सांगायची आहे तिच्या आयुष्यात यांतले काहीच नाही. पंधराव्या वर्षी ती मठात गेली आणि चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. मधल्या साडेनऊ वर्षांत ती मठाच्या आवाराबाहेर आली नाही. फ्रान्समधील लिझ्यू गावच्या कार्मेल मठातील ही तेरेज मार्तँ. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक तिला 'लिटल फ्लॉवर' या नावाने ओळखतात.

तिचा जन्म २ जानेवारी १८७३ चा. वडील घड्याळजी, तर आईचा लेस विणवून घेण्याचा व्यवसाय. नऊ भावंडांत ही शेंडेफळ. त्यांतल्या पाच मुली तेवढ्या जगल्या. तेरेज साडेचार वर्षांची असताना आई गेली. थोरली बहीण पॉलिन हिला तिने आई मानले, तर १८८२ साली तीही मठात निघून गेली! या दुसऱ्या ताटातुटीनंतर पोर गंभीर आजारी पडली. तेव्हा जिच्या श्रद्धेला पुढे 'बालकाचा विश्वास' हे नाव मिळाले, तिचे बालपण काही निर्धास्त नव्हते, हे आधी ध्यानात घ्या.

त्या काळच्या फ्रेंच कॅथलिक धर्मजीवनात देवाच्या न्यायाचा धाक फार. पापाचा हिशेब काटेकोर, प्रायश्चित्त कडक. मठातल्या काही जोगिणी तर दुसऱ्यांच्या पापांची शिक्षा आपल्यावर यावी, म्हणून देवाच्या न्यायाला स्वतःस अर्पण करीत. तेरेजने ९ जून १८९५ रोजी आपले अर्पण केले ते मात्र देवाच्या दयाळू प्रेमाला. शब्दांचाच फरक, असे वाटेल. पण कोर्टात उभे राहणे वेगळे आणि आईच्या कडेवर बसणे वेगळे.

तिने दिलेला दाखला पाहा. थोर संतांसारखा पूर्णत्वाचा जिना चढणे आपल्याच्याने होणार नाही, हे तिने ओळखले. पण श्रीमंतांच्या घरांत तेव्हा लिफ्ट नावाची नवी सोय आली होती. तिने लिहिले की, येशूचे हात हीच माझी लिफ्ट. त्यासाठी मी मोठे होण्याची गरज नाही, उलट लहानच राहायला हवे. आणखी एक गंमत ऐका. प्रार्थनेच्या वेळी तिला चक्क डुलकी लागे! यावर तिचे म्हणणे असे, की मूल जागे असो वा झोपलेले, आईबापांना ते सारखेच लाडके. विठोबाला माउली म्हणणाऱ्या आपल्या माणसांना हा विचार समजावून सांगावा लागेल, असं मला वाटत नाही.

मात्र ही वाट आळशाची नव्हे बरं का! कपडे धुताना शेजारची जोगीण घाणेरडे पाणी तोंडावर उडवी, ते मुकाट्याने सोसायचे. जिचा स्वभाव मुळीच पटत नाही, तिच्याशी हसून बोलायचे. मोठी कर्मे हातून होणार नाहीत, तर अशी बारीकसारीक कामे प्रेमाने करावीत, एवढाच तिचा नेम.

या विश्वासाची खरी कसोटी १८९६ च्या एप्रिलात लागली. ईस्टरच्या आधी तिला रक्ताची गुळणी आली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मनात काळोख दाटला. स्वर्ग आहे की नाही, मरणापलीकडे काही आहे की नुसती पोकळी, या शंका तिला अखेरपर्यंत, सुमारे दीड वर्ष, छळत राहिल्या. तिने काय केले? धर्मश्रद्धेचा मंत्र स्वतःच्या रक्ताने लिहून छातीशी ठेवला, आणि दिसत नसलेला हात घट्ट धरून राहिली. ३० सप्टेंबर १८९७ रोजी तिचा अंत झाला.

इथे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. तिच्या आठवणींचे पुस्तक १८९८ साली निघाले, प्रती दोन हजार. पाहता पाहता ते अनेक भाषांत गेले. १९२५ साली पोप अकरावे पायस यांनी तिला संतपद दिले. परंतु छापलेला मजकूर पॉलिनच्या हातून गेलेला होता. तिने शब्द बदलले होते, कुठे मजकूर गाळला होता. पॉलिन १९५१ साली वारली, आणि मूळ वह्या जशाच्या तशा लोकांपुढे आल्या त्या १९५६ मध्ये. तोवर गुलाबाची फुले हाती घेतलेली गोड मुलगी सर्वांना ठाऊक होती. आता अंधारात चाचपडणारी, तरीही न डगमगणारी स्त्री दिसू लागली. मला स्वतःला ही दुसरी तेरेज अधिक जवळची वाटते.

मठाबाहेर न पडलेल्या या मुलीला १९२७ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने मिशनकार्याची आश्रयदाती ठरवण्यात आले. एक समुद्र ओलांडून गोव्यापासून जपानपर्यंत गेलेला, ज्याचा देह आज जुन्या गोव्याच्या बाँ जेझुस चर्चमध्ये आहे. आणि एक चार भिंतींतली! कलकत्त्याच्या मदर तेरेसांनी आपले नाव घेतले तेही हिच्यावरूनच.

मनःशांती म्हणजे सगळ्या प्रश्नांची उत्तरे सापडणे, अशी आपली समजूत असते. तेरेजला उत्तरे सापडली नाहीत. रात्री दिवा मालवला की लहान मूल घाबरते. पण आईचा पदर मुठीत आला, की अंधार तसाच असूनही ते झोपी जाते. तेरेजची शांती या जातीची होती. तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, किंवा कोणताच धर्म मानत नसा. तो पदर मुठीत धरून ठेवायला किती बळ लागते, हे ज्याने एक तरी रात्र जागून काढली आहे, त्याला सहज कळेल.