पन्हाळ्याचा वेढा व राजापूरची इंग्रज वखार

परमुलखांत व्यापारास गेलेल्या कंपन्यांची वखार बुडाली म्हणजे तिचा दोष त्या मुलखाच्या राजाच्या लोभास किंवा लहरीस देण्याची चाल जुनी आहे. मार्च १६६१ मध्यें शिवाजी महाराजांनीं राजापूर घेऊन तेथील इंग्रजांची वखार लुटली व वखारवाल्यांस कैद केलें, ही गोष्ट बहुधा याच रीतीनें सांगितली जाते. परंतु या लुटीचें कारण राजापुरास शोधून सांपडत नाहीं. त्यासाठीं घाट चढून पन्हाळ्यास यावें लागतें. प्रस्तुत लेखांत या दोन स्थळांचा संबंध दाखवून, त्यावरून परकी व्यापार व राजसत्ता यांच्या व्यवहाराविषयीं जें अनुमान निघतें तें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

राजापूर हें आदिलशाहीचें नांवाजलेलें बंदर. जैतापुराशीं समुद्रास मिळणाऱ्या खाडीनें जहाजें येत आणि अणुस्कुऱ्याच्या घाटानें देशावरचा माल खालीं उतरे. मिऱ्याच्या व्यापारासाठीं इंग्रजांनीं १६४९ च्या सुमारास येथें वखार घातली. घाटावर याच वाटांच्या तोंडाशीं, कोल्हापूरच्या वायव्येस सुमारें १२ मैलांवर, पन्हाळा उभा आहे. ज्याच्या हातीं पन्हाळा त्याच्या हातीं वरची बाजारपेठ, आणि ज्याच्या हातीं राजापूर त्याच्या हातीं तिचा दरवाजा, असा हा प्रदेश आहे. अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांनीं, ता. २८ नोव्हेंबर १६५९ रोजीं, महाराजांनीं पन्हाळा घेतला, तेव्हां राजापूरच्या वखारीवर नव्या सत्तेची छाया पडली.

जानेवारी १६६० मध्यें अफझलखानाचीं जहाजें ताब्यांत घेण्यासाठीं मराठी फौज राजापुरास उतरली. तेथील आदिलशाही अंमलदार इंग्रजांचा ऋणको होता. आपलें येणें बुडूं नये म्हणून इंग्रज या जहाजांच्या वादांत शिरले. परिणामीं कंपनीचा दलाल व त्यामागोमाग फिलिप गिफर्ड हा वखारवाला पकडला गेला, व गिफर्डास खारेपाटणास अटकेंत ठेवण्यांत आलें. वखारीचा मुख्य हेनरी रेव्हिंग्टन यानें फेब्रुवारींत महाराजांस पत्र धाडिलें. त्यांत त्यानें महाराजांस हिंदु फौजांचा सेनापति असें संबोधून मैत्रीची इच्छा दर्शविली व दंडाराजपुरीच्या कामीं साह्य करण्याची तयारी सुचविली. येथवर इंग्रजांचें वर्तन अडचणींत सांपडलेल्या सावकारासारखेंच दिसतें. (जुन्या इंग्रजी गणनेंत वर्षारंभ २५ मार्चला होई. म्हणून त्या काळच्या कागदांवरील जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांस १६५९ हें साल आढळल्यास अभ्यासकांनीं गोंधळूं नये.)

याच सुमारास विजापुराहून सिद्दी जौहर सलाबतखान मोठ्या सैन्यानिशीं निघाला व मार्च १६६० मध्यें त्यानें पन्हाळ्यास वेढा घातला. अफझलखानाचा पुत्र फाजलखान त्याच्या सोबत होता. महाराज स्वतः गडावर अडकले. पन्हाळ्याचा घेर मोठा व तट बळकट, त्यामुळें नुसत्या हल्ल्यानें तो हातीं येण्यासारखा नव्हता. जौहरास लांब पल्ल्याचा तोफखाना हवा होता, आणि राजापूरच्या वखारींत उखळी तोफेचे कुलपी गोळे गिऱ्हाइकाची वाट पाहात पडले होते. रेव्हिंग्टनानें आपला पक्ष बदलला. एप्रिलमध्यें तो गिफर्ड प्रभृतींस घेऊन पन्हाळ्यास गेला, आणि गडावर इंग्रजी गोळे पडूं लागले. गोळे विकून ते स्वस्थ राहिले असते तरी गोष्ट वेगळी झाली असती. त्यांनीं ते स्वतः डागले, आणि डागतांना इंग्रजांचें निशाण उभारलें. दोन महिन्यांपूर्वीं ज्याला साह्य करण्याची तयारी दाखविली त्याच्यावरच हा मारा होता.

ता. १३ जुलै १६६०, म्हणजे जेधे शकावलीप्रमाणें शके १५८२ शार्वरी संवत्सरीं आषाढ वद्य प्रतिपदेस, महाराज वेढ्यांतून निसटून खेळण्यास म्हणजे विशाळगडास पोहोंचले. घोडखिंडींत बाजी प्रभूंनीं देह ठेविला. त्याच वर्षीं पन्हाळा पुन्हां आदिलशाहीकडे गेला. राजापूरच्या वखारवाल्यांस वाटलें असावें कीं आपण जिंकणाऱ्या पक्षाचे झालों. तो समज वर्षभरही टिकला नाहीं. फेब्रुवारी १६६१ मध्यें उंबरखिंडींत कारतलबखानाचा मोड करून महाराज दक्षिण कोंकणांत उतरले, आणि मार्चमध्यें राजापुरास आले. वखार खणून काढण्यांत आली, माल जप्त झाला, आणि रेव्हिंग्टन, गिफर्ड, रँडॉल्फ टेलर, रिचर्ड टेलर वगैरे इसम कैद झाले. परमानंदाच्या शिवभारतांतही राजापूरच्या या प्रसंगाचें वर्णन आलें आहे. कैद्यांना वासोटा, सोनगड व शेवटीं रायरी असे फिरविण्यांत आलें. दंडाराजपुरीच्या कामीं मदत केल्यास सुटका होईल असें बोलणें त्यांच्याशीं झालें, पण तें फळास गेलें नाहीं. पळून जाण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला. रेव्हिंग्टनास आजारामुळें अगोदर सोडलें. बाकीच्यांची सुटका १६६३ सालीं झाली.

आतां मुख्य मुद्दा. या प्रकरणाचे इंग्रजी कागद दोन तऱ्हेचे आहेत. एक तऱ्हा नुकसानभरपाईच्या मागणीची. त्यांत वखार निरपराध व लूट अकारण आहे. दुसरी तऱ्हा घरांतल्या पत्रव्यवहाराची. कैदेंतून वखारवाल्यांनीं सुरतेच्या वरिष्ठांस आपणांस वाऱ्यावर सोडल्याबद्दल कडक शब्दांत लिहिलें. त्यावर सुरतेहून जें उत्तर गेलें त्याचा आशय असा कीं, तुम्ही कंपनीच्या मालाच्या रक्षणासाठीं कैदेंत पडलां नसून पन्हाळ्याच्या वेढ्यांत जाऊन इंग्रजी निशाणाखालीं गोळे फेकल्यामुळें पडलां आहां. हें उत्तर महाराजांच्या कैवाऱ्याचें नव्हे, कंपनीच्याच सुरतेंतील अधिकाऱ्यांचें आहे. त्यापुढें ‘अकारण लूट’ हा शब्दप्रयोग टिकत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, महाराजांनीं पुढें राजापूरची भरपाई मान्य केली, तेव्हां दोषही मान्य केला. राज्याभिषेकाच्या वेळीं हेनरी ऑक्झिंडन रायगडास आला, आणि जून १६७४ च्या तहांत राजापूरबद्दल १०,००० होन देण्याचें ठरलें, हें खरें. परंतु हुबळीच्या १६७३ मधील लुटीबद्दलची इंग्रजांची मागणी महाराजांनीं कबूल केली नाहीं, हेंही त्याच वाटाघाटींत दिसतें. राजापूरची रक्कम सगळी रोख न देतां ती व्यापारांतून व जकातीच्या सुटींतून फेडावयाची होती. भरपाई पाहिजे असेल तर इंग्रजांनीं राजापुरास पुन्हां येऊन व्यापार केला पाहिजे, असा याचा अर्थ होतो. आमच्या मतें ही अपराधाची कबुली नसून बंदर पुन्हां नांदतें करण्याची योजना होती. त्याप्रमाणें वखार पुन्हां उघडली, पण तिला पूर्वीचें बळ आलें नाहीं.

हा अनुभव कोंकणापुरताच नाहीं. ज्या १६६१ सालीं राजापूरची वखार पडली, त्याच सालीं चीनच्या किनाऱ्यासमोरील फोर्मोसा बेटांत वलंदेजांच्या झीलंडिया किल्ल्यास कोक्झिंगानें वेढा घातला, आणि फेब्रुवारी १६६२ मध्यें वलंदेजांना तें ठाणें सोडावें लागलें. तेथें वलंदेज नुसते व्यापारी राहिले नव्हते, बेटाचे धनी झाले होते. म्हणून चीनमधील राज्यक्रांतीच्या वादळांत व्यापाऱ्याला मिळणारी सवलत त्यांना मिळाली नाहीं. आजही चीनसारख्या बलाढ्य राज्यांत भांडवल घातलेल्या परकी कंपन्यांच्या भवितव्याची चर्चा होते, तेव्हां प्रश्न बहुधा राजसत्तेच्या स्वभावाचाच विचारला जातो. व्यापाऱ्यानें आपला तराजू कोणाच्या छावणींत नेऊन ठेविला, हा दुसरा अर्धा प्रश्न मागें राहतो.

हा अर्धा प्रश्न आपल्या पूर्वजांनीं ओळखला होता. १७१५ सालीं, पन्हाळा ही करवीरकर छत्रपतींची राजधानी असतां, संभाजी महाराजांच्या नांवें आज्ञापत्र निघालें. परंपरेनें त्याचें कर्तृत्व रामचंद्रपंत अमात्यांकडे जातें. पंतांची समाधि पन्हाळ्यावरच आहे. सावकार हे राज्याचें भूषण, त्यांना जपावें, असें सांगून आज्ञापत्र टोपीकरांची गोष्ट निराळी काढतें. ते नुसते सावकार नव्हत, त्यांचे धनी राज्य करणारे आहेत, म्हणून त्यांना जागा द्यावयाचीच तर समुद्रतीरापासून दूर, राजापुरासारख्या ठिकाणीं द्यावी व बळकट इमारत बांधूं देऊं नये, असा त्याचा अभिप्राय आहे. राजापूरचें नांव येथें उगीच आलें असें आम्हांस वाटत नाहीं. व्यापार हवा, पण निशाण व तोफ नको, हा धडा ज्या गडावर गोळे पडले त्याच गडाच्या दरबारांतून पंचावन्न वर्षांनीं लेखी निघाला.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. १९३१ सालीं पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें महाराजांसंबंधीचे इंग्रजी कागद एकत्र छापले, म्हणून मागणीचें पत्र व कानउघाडणीचें पत्र शेजारीं ठेवून वाचतां येतात. आपल्या दप्तरांतही एकाच प्रकरणाचे तक्रारीचे व कबुलीचे कागद असेच एका रुमालांत बांधलेले असतात. निवड करतांना त्यांतला ठळक कागद काढून घेऊन बाकीचे विखरूं देऊं नयेत. राजापूरची फिर्याद तेवढी उरली असती आणि सुरतेचें उत्तर हरवलें असतें, तर पन्हाळ्यावर पडलेले गोळे विसरून आपणही वखारवाल्यांचीच बाजू खरी मानिली असती.