पेटीच्या कडेची पट्टी

काडेपेटीच्या दोन्ही अंगांना जी तपकिरी, खरखरीत पट्टी असते तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. काडी ओढायची, निरांजन नाहीतर शेगडी पेटवायची आणि पेटी पुन्हा फळीवर. पण त्या पट्टीत लाल फॉस्फरस असतो, आणि तो काडीच्या गुलात नसून पेटीच्या अंगावर का, हे विचारत गेले की माणूस व्हिएन्ना, लंडन आणि स्वीडन करत शेवटी अंबरनाथला पोचतो. वाटेत भेटतात ती माणसे बहुतेक गरीब, बरीचशी बायका आणि पोरी, आणि त्यांतल्या कित्येकांना धड जबडा उरलेला नाही.

इंग्लंडमधल्या स्टॉकटन-ऑन-टीज गावचे औषधविक्रेते जॉन वॉकर यांनी १८२७ मध्ये घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या. त्यांच्या गुलात फॉस्फरस नव्हताच. अँटिमनी सल्फाइड, पोटॅशियम क्लोरेट आणि डिंक एवढाच माल. काडी लहरी होती. कधी ठिणग्या उडवी, कधी पेटायचे नाव काढत नसे. १८३० च्या सुमारास शार्ल सोरिया या फ्रेंच तरुणाने त्यात पांढरा फॉस्फरस घातला आणि काडी एकदम आज्ञेत आली. भिंतीवर ओढा, बुटाच्या तळाला ओढा, दाराच्या चौकटीवर ओढा, पेटणारच. चकमक झाडून कापसावर फुंकर घालत बसलेल्या जगाने ती डोक्यावर घेतली नसती तरच नवल.

हा पांढरा फॉस्फरस मुळात परिसाच्या नादात सापडलेला. हॅम्बर्गच्या हेनिग ब्रांटने १६६९ मध्ये लघवी आटवता आटवता तो मिळवला. अंधारात हिरवट उजळणारा, लसणासारखा वास मारणारा, आणि उन्हाळ्यातल्या हवेत आपणहून पेट घेणारा. म्हणून तो पाण्यात बुडवून ठेवतात. कारखान्यात मात्र त्याला पाण्याबाहेर काढावेच लागे. सरसाबरोबर त्याची गरम खळ करायची, ती तापवलेल्या पत्र्यावर पसरायची, चौकटीत ओळीने बसवलेल्या काड्यांची टोके तिच्यात बुडवायची, मग चौकटी वाळत घालायच्या आणि वाळलेल्या काड्या मुठीने पेट्यांत भरायच्या. खळ घोटणारा, काड्या बुडवणारा, वाळवणारा, भरणारी, सगळ्यांच्या नाकातोंडात तीच वाफ.

व्हिएन्नाचे डॉक्टर लोरिन्सर यांनी १८४५ मध्ये काडी-कामगारांच्या जबड्याच्या विचित्र रोगावर लिहिले. (हान्स अँडरसनची काड्या विकणाऱ्या मुलीची गोष्टही त्याच वर्षी, डिसेंबरात प्रसिद्ध झाली. तिच्यातली पोर थंडीने मरते. काड्या बनवणाऱ्या पोरींवर कोणाला गोष्ट सुचली नाही.) रोगाची सुरुवात साध्या दातदुखीने होई. हिरडी सुजे, दात काढला तर खड्डा भरून येत नसे, पू वाहू लागे, आणि आतले हाड मरून तुकड्यांनी बाहेर पडे. घाण इतकी सुटे की घरचे लोकसुद्धा एका खोलीत बसायला तयार नसत. अखेर सर्जन अर्धा किंवा पूर्ण खालचा जबडा काढून टाकत, आणि वाचला तर माणूस उरलेला जन्म पेजेवर काढी.

रोग ओळखणे अवघड होते, आणि ही गोष्ट मालकांच्या पथ्यावर पडली. विष शिरल्यापासून जबडा सडेपर्यंत वर्षे जात. सगळ्यांनाच तो होत नसे. ज्यांचे दात आधीच किडलेले त्यांना जास्त. त्यामुळे मुळात हिचे दातच वाईट होते, असे म्हणायला वाट मोकळी. विष नेमके हाडात काय करते हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते. त्याचा धागा २००३ मध्ये भलतीकडेच सापडला. कॅन्सर हाडांत पसरलेल्या रुग्णांना बिसफॉस्फोनेट वर्गातली औषधे देतात. त्याच वर्गातल्या गोळ्या हाडे ठिसूळ झालेल्या बायकाही घेतात. अशा रुग्णांचे जबडे दात काढल्यावर भरून येत नाहीत आणि हाड मरते, असे अमेरिकी शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी त्या वर्षी नोंदवले. काडी-कामगारांच्या शरीरात फॉस्फरसच्या वाफेपासून अशाच जातीची संयुगे तयार होत असावीत, असा आता रसायनशास्त्रज्ञांचा तर्क आहे. ही औषधे सुरू करण्यापूर्वी दंतवैद्याला दाखवून या, असे आज डॉक्टर सांगतात ते यामुळेच.

त्या काळी उपाय झाले नाहीत असे नाही. खोल्यांना खिडक्या आणि पंखे बसले. जेवणापूर्वी हात सोड्याने धुवा, अशा पाट्या लागल्या. काही कारखान्यांत कामगारांच्या गळ्यात टर्पेंटाइनची डबी अडकवत, कारण टर्पेंटाइनची वाफ फॉस्फरसच्या वाफेला मारते असा अनुभव होता. दात तपासायला माणूस ठेवला, किडका दात दिसला की उपटा नाहीतर कामावरून जा. ही यादी वाचताना एक गोष्ट खटकते: सगळे उपाय कामगाराच्या अंगावर. तिचे हात, तिचे दात, तिचा गळा. खळीला कोणी हात लावत नव्हते. आजचा सुरक्षा अधिकारी हाच क्रम उलटा शिकतो. आधी विषच काढून टाकता येते का पाहा, नाहीतर त्याच्या जागी दुसरे काही वापरा, मग वाफ उगमापाशीच ओढून घ्या, कामाच्या वेळा आणि पद्धती त्यानंतर, आणि मुखपट्टी-हातमोजे सगळ्यात शेवटी.

आणि विष काढून टाकण्याची युक्ती तर केव्हाच सापडलेली होती. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ गुस्ताफ पाश यांनी १८४४ मध्ये पेटंट घेतले: फॉस्फरस काडीवरून काढा आणि घासायच्या पट्टीवर लावा. त्याच दशकात व्हिएन्नाच्या आंटोन श्रोटर यांनी दाखवले की लाल फॉस्फरस हे त्याच मूलद्रव्याचे दुसरे रूप. ते हवेत आपणहून पेटत नाही, त्याची वाफ होत नाही, जबड्याला लागत नाही. यॉनशॉपिंग गावच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी या दोन गोष्टींची सांगड घालून काड्या बनवल्या आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडल्या. गुलात क्लोरेट, पट्टीत लाल फॉस्फरस आणि काचेची पूड. दोन्ही घासले जातात त्या क्षणी पट्टीवरच्या फॉस्फरसचा एक कण पांढऱ्या रूपात जातो, भडकतो आणि गूल पेटवतो. विष तयार होते आणि त्याच क्षणी जळून जाते.

ब्रायंट अँड मे या इंग्लिश कंपनीने त्याच वर्षी या काडीचे ब्रिटनमधले हक्क विकत घेतले. म्हणजे १८५५ पासून लंडनकडे बिनविषारी काडीचे पेटंट हातात होते. तरी पुढची ४५ वर्षे पांढऱ्या फॉस्फरसची खळ उकळत राहिली, कारण लाल महाग पडे आणि गिऱ्हाइकाला कुठेही ओढली तरी पेटणारी काडी हवी होती. शिवाय स्वीडिश काडीला सुरक्षित म्हणत ते मुख्यतः घेणाऱ्याच्या दृष्टीने: खिशात आपोआप पेटणार नाही, घर जाळणार नाही. बनवणारीचा जबडा जाहिरातीच्या हिशेबात फारसा नव्हता.

१८८८ च्या जूनमध्ये ॲनी बेझंट यांनी आपल्या ‘द लिंक’ या साप्ताहिकात पूर्व लंडनच्या बो भागातल्या ब्रायंट अँड मेच्या कारखान्यावर लेख लिहिला. (याच बाई पुढे १८९३ मध्ये हिंदुस्थानात आल्या. १९१६ मध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली, आणि त्याच वर्षी पुढे बेझंट यांनी आपली स्वतःची लीगही काढली.) लेखात मजुरी होती, दंड होते. पाय मळलेले दिसले तरी ३ पेन्स कापत. आणि जेवणाचा मुद्दा होता: मुली जिथे काड्या हाताळत तिथेच भाकरतुकडा खात, म्हणजे घासाबरोबर फॉस्फरस. जुलैच्या सुरुवातीला सुमारे १,४०० बायका-मुली संपावर गेल्या आणि दोन आठवड्यांच्या आत जिंकल्या. दंड गेले आणि जेवायला वेगळी खोली कबूल झाली. मला या संपातली ही खोली सगळ्यात मोलाची वाटते. तिने विष काढले नाही, पण कामाच्या जागेतला धोका नेमका कुठून पोटात जातो हे त्या मुलींनी ओळखले होते आणि मागणीत लिहिले होते.

१८९१ मध्ये साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेने तिथून जवळच लाल फॉस्फरसचा कारखाना काढून जास्त मजुरीतही धंदा होऊ शकतो हे दाखवायचा प्रयत्न केला. काडी महाग पडली, दहा वर्षांत कारखाना आटोपला. कायद्याचा रेटा मात्र वाढत होता. १८९५ च्या ब्रिटिश कायद्याने फॉस्फरस-विषबाधेचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे सक्तीचे केले. ब्रायंट अँड मेने १७ रुग्ण कळवलेच नव्हते. १८९८ मध्ये खटला झाला आणि दंड झाला २५ पाउंडांच्या आसपास. त्याच वर्षी फ्रान्समध्ये सेव्हेन आणि काहेन या दोघांनी फॉस्फरस सेस्क्विसल्फाइड वापरून कुठेही घासून पेटणारी, पण बिनविषारी काडी केली. आता गिऱ्हाइकाच्या हट्टाचीही सबब उरली नाही. १९०१ पर्यंत ब्रायंट अँड मेने पांढरा फॉस्फरस सोडला.

फिनलंडने १८७२ मध्ये आणि डेन्मार्कने १८७४ मध्येच बंदी घातली होती. बाकीचे देश एकमेकांकडे पाहत बसले. आपण एकट्यानेच बंदी घातली तर शेजारचा स्वस्त काड्या विकून आपला धंदा खाईल, ही भीती. म्हणून १९०६ मध्ये बर्न शहरी करार झाला: सह्या करणाऱ्या सर्व देशांनी पांढरा फॉस्फरस एकदमच सोडायचा. अमेरिकेने सही केली नाही. तिथे १९१२ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर इतका कर बसवला की त्या विकणे परवडेना. त्याआधी, १९११ मध्ये, डायमंड मॅच कंपनीने सेस्क्विसल्फाइडचे पेटंट सगळ्यांना मोकळे करून दिले होते.

हिंदुस्थानात ‘पांढरा फॉस्फरस काड्या प्रतिबंधक कायदा’ १९१३ मध्ये आला. तेव्हा आपल्याकडच्या काड्या मुख्यतः स्वीडन आणि जपानहून बोटीने येत, त्यामुळे या कायद्याचा पहिला अर्थ बंदरावर होता. १९२२ मध्ये आयात काड्यांवरची जकात वाढली. बोटीने माल पाठवण्यापेक्षा इथेच बनवलेला बरा, असा हिशेब इव्हार क्रूगरच्या स्वीडिश मॅच कंपनीने केला आणि वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढली. ती विम्को. तिचा अंबरनाथचा कारखाना त्याच दशकातला. यॉनशॉपिंगच्या पट्टीचा वंश असा ठाणे जिल्ह्यात रुजला. काडी-कामगाराचा जबडा सडण्याचा रोग आपल्या कारखान्यांत घर करू शकला नाही, कारण मोठे कारखाने उभे राहण्याआधीच पांढऱ्या खळीला दार बंद होते. १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या, कळवणे सक्तीचे असलेल्या रोगांच्या यादीत फॉस्फरस-विषबाधा तरीही नोंदली गेली.

दक्षिणेत शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार १९२२ मध्ये कलकत्त्याला जाऊन काड्यांचे काम शिकून आले, आणि विम्कोच्या यंत्रांसमोर हाताने काम करणारा धंदा उभा राहिला. खळ बिनविषारी होती. पण क्लोरेट आणि लाल फॉस्फरस घासण्याआधीच एकत्र आले तर स्फोट होतो. म्हणून गुलाची खळ आणि पट्टीची खळ वेगवेगळ्या जागी घोटावी लागते आणि जमिनीवरची पूड वेळच्या वेळी पुसावी लागते. हे पाळायला जागा, वेळ आणि जाणती माणसे लागतात. शिवकाशीत या धंद्यात मुलेही राबत, कारण काड्या भरायला लहान बोटे चपळ आणि मजुरी कमी. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये निकाल दिला: धोक्याच्या धंद्यात मूल कामाला लावणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये भरावेत, आणि त्या घरातल्या एका मोठ्या माणसाला काम मिळेल हे सरकारने पाहावे, ते जमत नसेल तर सरकारने आपले ५,००० रुपये त्यात घालावेत.