किमोनोची डावी बाजू

किमोनो घालताना डावी बाजू नेहमी उजवीच्या वर येते. उजवी वर येते ती फक्त मृतदेहाला किमोनो घालताना. जपानमधल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असते.

1987 साली 'फर्स्ट कॉमिक्स' या अमेरिकी प्रकाशन संस्थेने 'लोन वुल्फ अँड कब' ही सामुराईकथा इंग्रजीत आणली. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचतात. इंग्रजी वाचकाच्या सोयीसाठी पाने आरशात पाहावीत तशी उलटवली गेली. तेव्हाची ती सर्रास पद्धत होती. परिणामी सामुराई डावखुरे झाले आणि जिवंत माणसे प्रेताच्या पेहरावात वावरू लागली.

चलच्चित्रांचीही तीच गत. 1985 मध्ये तीन स्वतंत्र जपानी मालिका जोडून अमेरिकेत 'रोबोटेक' तयार झाली. मियाझाकींच्या 'नाउशिका'ची काटछाट करून 'वॉरियर्स ऑफ द विंड' बनवला गेला.

या व्यवहाराला उत्तर दिले ते हौशी चाहत्यांनी, म्हणून या विषयाकडे मी वळलो. 1977 साली लॉस एंजेलिसमध्ये अशा चाहत्यांचे पहिले मंडळ सुरू झाले. पुढे घरच्या अमिगा संगणकावर उपशीर्षके तयार करून ती व्हीएचएस फितींवर चढवली जाऊ लागली. फितीवर 'विक्रीसाठी नाही' अशी सूचना असे. अधिकृत परवाना कोणी घेतला की वाटप थांबवायचे, असा संकेत होता; तो सर्वांनी पाळला असे नाही. कायद्याच्या दृष्टीने हे उल्लंघनच. पण सण, खाद्यपदार्थ, शब्दांवरच्या कोट्या यांवर टिपा देण्याचे कष्ट याच मंडळींनी घेतले. याउलट 'पोकेमॉन'च्या अधिकृत अमेरिकी आवृत्तीत तांदळाच्या ओनिगिरीला चक्क 'जेली डोनट' म्हटले गेले. 2002 मध्ये 'टोक्योपॉप'ने मांगा न उलटवता छापायला घेतले. त्यात खर्च आणि वेळ वाचवण्याचा हिशेब होता, तशी अस्सलपणाची मागणी करणारा वाचकही होता.

मात्र आस्था म्हणजे आपोआप आदर नव्हे. पाश्चात्त्य चाहत्यांनी लिहिलेल्या कथांत 'सान', 'कुन', 'चान' यांची पखरण असते. पण जपानी माणूस स्वतःच्या नावाला 'सान' लावत नाही, आणि नुसत्या नावाने हाक मारणे ही मोठी जवळीक असते, नाहीतर उद्धटपणा. 'अहो'वरून 'अरे'वर येताना मराठी घरात काय घडते हे जाणणाऱ्याला यातली मेख चटकन कळेल. अशा कथेत हे शब्द तिखटमिठासारखे भुरभुरले, की पात्रांमधले नातेच विस्कटते.

मग मूळ कृतीला हातच लावू नये का? खुद्द जपानचा दाखला वेगळा आहे. डिसेंबर 1975 मध्ये टोकियोत 'कॉमिकेट' हा हौशी चित्रकथांचा मेळा सुरू झाला तेव्हा 32 गट आणि सुमारे 700 लोक जमले होते. आज तिथे लाखोंची गर्दी होते. या मेळ्यात लोकप्रिय पात्रांची विडंबने उघड विकली जातात आणि प्रकाशक बहुधा काणाडोळा करतात. तेव्हा सोवळेपणा ही काही आदराची कसोटी ठरत नाही.

माझ्या मते कसोटी साधी आहे: आपण काय बदलतो आहोत, हे बदलणाऱ्याला ठाऊक आहे का? एखाद्या चाहत्याने पात्राचा मृत्यू सुचवण्यासाठी किमोनोची उजवी बाजू वर काढली, तर त्याने ती संस्कृती वाचली आहे. छपाईच्या सोयीसाठी पान उलटवणाऱ्याने मात्र ती नुसती वापरली.