फटी बुजविणारा फोम निवडताना

खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधील बोटभर फट, एसीच्या नळ्यांसाठी पाडलेले व नंतर तसेच राहिलेले भोक, मुख्य दरवाजाच्या चौकटीमागील पोकळी. शहरांतील अनेक सदनिकांमध्ये अशा जागा आढळतात. त्यांतून धूळ, डास आणि रस्त्यावरचा गोंगाट आत येतो, तर वीज खर्चून थंड केलेली हवा बाहेर जाते. पूर्वी गवंडी सिमेंटचा गोळा थापून हे काम उरकीत असत. अलीकडे त्यासाठी फवाऱ्याच्या डब्यातील पॉलियुरेथेन फोम वापरला जातो. हार्डवेअरच्या दुकानांत तो ‘पीयू फोम’ या नावाने मिळतो. परंतु हे सर्व डबे एकसारखे नसतात आणि प्रत्येक फट बुजविण्याजोगीही नसते.

डब्यातून बाहेर पडताच हा द्रव वायूमुळे फुगतो आणि हवेतील ओलाव्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतो. म्हणूनच फटीतील धूळ झाडून तिच्यावर आधी पाण्याचा हलका फवारा मारणे हिताचे असते. डबा चांगला हलवून उलटा धरावा आणि फट अर्धीच भरावी. उरलेली जागा फोम स्वतः व्यापतो. डब्यावर लिहिलेला लिटरचा आकडा मोकळ्यावर फुगलेल्या फोमचा असतो. अरुंद फटीत तेवढे काम होत नाही, हे हिशेब करताना लक्षात घ्यावे.

निवडीचा पहिला निकष फुगण्याच्या प्रमाणाचा. दरवाजे-खिडक्यांसाठी ‘लो एक्स्पान्शन’, म्हणजे कमी फुगणारा फोमच घ्यावा. जास्त फुगणाऱ्या फोमच्या दाबाने चौकट आतल्या बाजूला वाकते. मग दरवाजा अडकतो, सरकती खिडकी रुळावर घासते आणि दोष सुताराला दिला जातो. भिंतीतील मोठ्या भोकांसाठी मात्र नेहमीचा फोम चालतो. फट चार-पाच मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल, तर फोमऐवजी सिलिकॉन किंवा ॲक्रिलिक सीलंट वापरावे. मूठभर भगदाडाला मात्र विटांचे तुकडे आणि सिमेंटच बरे.

एसीच्या नळ्यांभोवती फोम भरण्यापूर्वी निचऱ्याची नळी बाहेरच्या बाजूला उतरती आहे ना, हे पाहावे. फोम घट्ट झाल्यावर ती हलविता येत नाही. उंदरांचा उपद्रव असल्यास आत पोलादी जाळी कोंबावी, कारण उंदीर हा फोम सहज कुरतडतात. बाहेरच्या बाजूचा फोम कापून सपाट करून त्यावर प्लास्टर किंवा रंग चढवावा. उघड्या उन्हात तो पिवळा-तपकिरी पडतो आणि भुगा होऊन गळू लागतो. पावसाची गळती रोखण्यासाठी केवळ त्याच्यावर विसंबणेही चुकीचे. तो पोकळी भरतो. पाणी अडविण्याचे काम बाहेरच्या सीलंटचे आणि गिलाव्याचे असते.

काही छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात. सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळातील बारीक छिद्रांतून पावसाचे पाणी बाहेर जाते. ती बुजविल्यास पाणी थेट खोलीत येते. न्हाणीघराच्या झडपांचा प्रश्न तर जिवाचा आहे. गॅस गिझर असलेल्या बंदिस्त न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइड साचून मृत्यू झाल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. थंडीच्या दिवसांत गार वारा येतो म्हणून तेथील किंवा स्वयंपाकघरातील हवेचा मार्ग कदापि बंद करू नये.

आगीचाही विचार हवा. घट्ट झालेला फोम जळतो आणि त्याच्या धुरात विषारी वायू असतात. काही डब्यांवर बी-१, बी-२ किंवा बी-३ अशी जर्मन मानकानुसार प्रतवारी छापलेली असते. त्यांत बी-१ सर्वांत उशिरा पेट घेणारा, तर बी-३ सहज पेटणारा. इमारतीच्या विजेच्या डक्टसारख्या जागी अग्निरोधक म्हणून चाचणी झालेला फोमच लागतो. ती चाचणी ठरावीक रुंदी-खोलीच्या फटीपुरती असते. त्यामुळे केवळ ‘बी-१’ या शिक्क्यावर समाधान मानू नये.

फवारताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हातमोजे व चष्मा घालावा आणि जवळपास शेगडी किंवा उदबत्तीही पेटती नसावी. डब्यातील वायू ज्वालाग्राही असतो. द्रवातील आयसोसायनेट श्वसनमार्गाला त्रासदायक असून दम्याच्या रुग्णांनी हे काम स्वतः करू नये. युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ पासून अशी रसायने वापरणाऱ्या व्यावसायिक कारागिरांना प्रशिक्षण बंधनकारक केले आहे.

एक-दोन भोकांसाठी प्लॅस्टिकची नळी जोडलेला डबा पुरेसा असतो. मात्र काम थांबले की नळीतील फोम घट्ट होतो आणि उरलेला माल बहुधा वाया जातो. अनेक खिडक्या करावयाच्या असल्यास गनवर बसणारा डबा परवडतो. ओला फोम ॲसिटोनने पुसता येतो. घट्ट झालेला मात्र सुरीने खरवडूनच काढावा लागतो, म्हणून आधी फरशीवर जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत.